पिशवीतली एकही गोळी लपवू नका

कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी जमतो. आधी त्रिसरण-पंचशील, मग आठवड्याची कामे. कुणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, कुणाला रक्त हवे आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या एका ताईने जे सांगितले, त्यातून हा लेख निघाला. ज्याची ही गोष्ट आहे त्याची ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि घर आम्ही बदलून सांगत आहोत.

चोवीस वर्षांचा मुलगा. घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम. दोन वर्षांपासून मन उदास, झोप नाही, जगण्यात रस नाही. मित्राच्या ओळखीने तो एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेला आणि एस्सिटालोप्राम नावाची गोळी त्याला सुरू झाली. गोळीने बरे वाटू लागले, पण घरात सांगितले नाही. 'वेड्याच्या गोळ्या खातो' असे कुणी म्हणू नये, म्हणून पाकीट दाढीच्या सामानात लपलेले. पुढे खोकला लागला, वजन उतरले, तपासणीत टीबी निघाला. तोही साध्या औषधांना दाद न देणारा. उपचार सुरू करताना विचारणा झाली, "अजून काही गोळ्या चालू आहेत का?" शेजारी वडील बसले होते. तो म्हणाला, "नाही."

काही दिवसांतच त्याचे हातपाय थरथरू लागले. दरदरून घाम, जुलाब, एका जागी बसवेना, पाय आपोआप झटके देत होते. घरच्यांना वाटले, टीबीचा ताप आहे. औषध-पाण्याची चौकशी करायला आमची ताई गेली होती. तिने सगळ्यांना बाहेर बसवले आणि विचारले, "अरे, खरं सांग मला. अजून काही घेतोस का?" त्याने दाढीच्या डब्यातून पाकीट काढून तिच्या हातात दिले. म्हणाला, "ताई, पप्पांना सांगू नका."

त्याच रात्री त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी दोन्ही औषधांची सांगड पाहिली, योग्य तो बदल केला. दोन-तीन दिवसांत थरथर थांबली. आज त्याचा टीबीचा उपचारही चालू आहे आणि मनाचाही, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या ठाऊक आहेत.

आम्हाला प्रश्न पडला की छातीचे औषध आणि मनाचे औषध यांचा संबंध काय? शोधत गेलो तेव्हा कळले की हा संबंध सत्तर वर्षांहून जुना आहे. नैराश्यावरची पहिली आधुनिक गोळी टीबीच्या वॉर्डातच जन्माला आली होती.

टीबीच्या वॉर्डातला शोध

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांवर दोन नवी औषधे तपासली जात होती, आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड. दुसरे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये काही वेगळेच दिसू लागले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बोलू लागली, हसू लागली, भूक वाढली. आजार अजून बरा व्हायचा होता, पण मन आधी उभे राहिले.

याचे कारण १९५२ मध्ये अर्न्स्ट झेलर या संशोधकाच्या कामातून पुढे आले. आयप्रोनियाझिड शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखते. १९५७ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवर या औषधाचा उपयोग मांडला. ज्या आजारासमोर तोपर्यंत वैद्यकाकडे विजेच्या झटक्यांखेरीज फारसे काही नव्हते, त्यावर एक गोळी मिळाली. या गटाला मोनोअमाइन ऑक्सिडेज इनहिबिटर, थोडक्यात एमएओआय, म्हणतात. यकृताला इजा होऊन कावीळ होते असे दिसल्याने आयप्रोनियाझिड १९६१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. पण फेनेल्झिन, ट्रानिलसायप्रोमिन, आयसोकार्बोक्साझिड ही त्याची भावंडे टिकून राहिली.

त्यांच्याबरोबरचे दुसरे औषध, आयसोनियाझिड, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वस्तीतला टीबीचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण आजही ते घेतो. त्याकडे आपण पुढे येऊ.

हौदाचा हिशेब

ही औषधे काम कशी करतात हे समजायला कसब्यातल्या माणसाला लांब जायला नको. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी यायचे आणि पेठांमधल्या हौदांत पडायचे. फडके हौद चौकाचे नाव अजून तेच आहे. हौद हा शब्द आपल्याला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता.

तर असा एक हौद डोळ्यांसमोर आणा. मेंदूतल्या एका मज्जापेशीतून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनांच्या मार्फत. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन ही त्यांतली तीन मुख्य. झोप, भूक, उत्साह, लक्ष, रक्तदाब या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे. ही रसायने म्हणजे हौदातले पाणी. एका बाजूने पाणी येते. बाहेर जायला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे निरोप देणारी पेशीच रसायन परत ओढून घेते. दुसरी वाट म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचे तुकडे करून त्याला निकामी करते.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या आज सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या पहिली वाट अरुंद करतात. एमएओआय गोळ्या दुसरी वाट बंद करतात. दोन्हींत पाण्याची पातळी वाढते. उपमा अगदी काटेकोर नाही, कारण पातळी वाढली की त्याच दिवशी मन बरे होत नाही. मेंदूला या बदलाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. म्हणूनच 'आठ दिवस खाल्ली, काही फरक नाही' म्हणून गोळी टाकून देणे ही मोठी चूक ठरते.

या विकराचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. ए प्रकार मुख्यतः सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन मोडतो. तो आतड्यात आणि यकृतातही असतो. बी प्रकार मेंदूत डोपामिनच्या कामाशी जास्त जोडलेला आहे. जुनी औषधे दोन्ही प्रकारांना रोखतात, आणि कायमची रोखतात. म्हणजे गोळी बंद केली तरी शरीराने नवे विकर तयार करीपर्यंत, साधारण दोन आठवडे, परिणाम शिल्लक राहतो. मोक्लोबेमाइडसारखे नंतरचे औषध फक्त ए प्रकाराला आणि तात्पुरते रोखते. सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही बी प्रकारावर काम करणारी औषधे आपल्याकडे कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णांना दिली जातात. घरात आजोबांना थरथरीसाठी गोळी चालू असेल, तर नाव वाचून पाहा.

पहिला धोका: ताटातला

हौदाची एक वाट बंद असताना दुसरीकडून अचानक लोंढा आला तर काय होईल? १९६०च्या दशकात नेमके हेच घडू लागले. एमएओआय घेणाऱ्या काही रुग्णांचे डोके अचानक फुटेल असे दुखू लागले, रक्तदाब भडकला, काहींना मेंदूत रक्तस्राव झाला. कारण सापडत नव्हते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने पत्र लिहून कळवले की आपली पत्नी ही गोळी घेते आणि चीज खाल्ले की तिचे डोके दुखते. अनेकांना हे हास्यास्पद वाटले. पण लंडनचे तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी ते गांभीर्याने घेतले आणि १९६३ मध्ये हा संबंध जगापुढे मांडला. एका औषधविक्रेत्याने बायकोचे बोलणे खरे मानले, त्यातून असंख्य जीव वाचले. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

दोषी होते टायरामिन. दूध, मांस, मासे, सोयाबीन असे प्रथिनयुक्त अन्न साठवले, मुरवले, आंबवले की जिवाणू त्यात टायरामिन तयार करतात. एरवी आतड्यातला आणि यकृतातला मोनोअमाइन ऑक्सिडेज ते तिथेच मोडून टाकतो. गोळीने हा पहारा उठवला की टायरामिन रक्तात शिरते आणि मज्जातंतूंच्या टोकांत साठलेले नॉरॲड्रेनॅलिन एकदम बाहेर ढकलते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. जुन्या एमएओआय घेणाऱ्याला सहा ते दहा मिलीग्रॅम टायरामिनही त्रास देऊ शकते. पंचवीस मिलीग्रॅम म्हणजे गंभीर प्रसंग. जेवल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत डोक्याच्या मागच्या भागात ठणका, मान आखडणे, छातीत धडधड, घाम आणि मळमळ सुरू झाली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पथ्याच्या छापील याद्या परदेशी स्वयंपाकघर समोर ठेवून केलेल्या असतात. आपल्या घरात पाहायचे ते वेगळे. खारवलेली, वाळवलेली मासळी, म्हणजे सुकट, सोडे, बोंबील, खारा बांगडा. कष्टकऱ्यांच्या घरात भाकरीबरोबर हीच चटणी असते, आणि डॉक्टर सहसा तिच्याबद्दल विचारत नाहीत. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, मुरवलेले महागडे चीज, दोन-तीन दिवसांचे शिळे मटण-मासे, नळाची बिअर. यातले टायरामिन शिजवून किंवा तळून जात नाही. उलट ताजे दूध, ताजे दही-ताक, पनीर, डाळ-भात, भाजी, भाकरी, अंडी, ताजे मासे-मटण याला अडचण नाही. नियम एकच: ताजे खा, शिळे आणि मुरलेले टाळा. सेलेजिलिन-रासाजिलिन नेहमीच्या कमी मात्रेत असतील तर इतके कडक पथ्य सहसा लागत नाही. आपल्या बाबतीत काय, ते डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरा धोका: दुसरी गोळी

ताटातल्या धोक्याइतकाच मोठा धोका दुसऱ्या औषधाचा आहे. हौदाच्या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद केल्या तर पाणी काठावरून वाहणारच. एमएओआय आणि एस्सिटालोप्रामसारखी गोळी एकत्र आली की सेरोटोनिन बेसुमार वाढते. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. लक्षणे बहुधा चोवीस तासांच्या आत दिसतात. अस्वस्थता, थरथर, घाम, जुलाब, पायांना झटके, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे. हलका प्रकार औषध थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत ओसरतो. तीव्र प्रकारात ताप खूप चढतो, शुद्ध हरपते, जीवही जातो.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी ताप आणि थरथर घेऊन रुग्णालयात दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन घेत होती. तिथे तिला पेथिडिन हे वेदनाशामक इंजेक्शन दिले गेले. काही तासांत तिचा मृत्यू झाला. नेमक्या कारणावर न्यायालयात बराच वाद झाला, पण ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, हे त्या प्रकरणाने डॉक्टरांच्या मनावर कायमचे कोरले. सलग छत्तीस-छत्तीस तास काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर न्यूयॉर्क राज्यात मर्यादाही आली.

एमएओआय चालू असताना काय टाळायचे? बहुतेक इतर नैराश्यविरोधी गोळ्या. पेथिडिन आणि ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामके. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले कोरड्या खोकल्याचे औषध. स्यूडोएफेड्रिन, फेनिलेफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या. यातली शेवटची दोन आपण मेडिकलमधून तोंडी सांगून आणतो. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हेही इथे खरे नाही. खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा हे डोपामिनचे कच्चे रूप असते, आणि शक्तिवर्धक चूर्णांत हे बी सर्रास वापरतात.

औषध बदलतानाही घाई चालत नाही. जुने एमएओआय बंद करून दुसरी नैराश्याची गोळी सुरू करायची तर मध्ये साधारण चौदा दिवस जावे लागतात. फ्लुओक्सेटिन शरीरात फार काळ रेंगाळते, म्हणून त्यानंतर एमएओआय सुरू करायला पाच आठवडे थांबावे लागते.

आपल्या वस्तीतला एमएओआय

इथवर वाचून कुणी म्हणेल की फेनेल्झिन आमच्याकडे कुणी घेत नाही, मग हे सगळे कशाला? खरे आहे. सुरक्षित औषधे आल्यावर ही जुनी औषधे मागे पडली. आपल्याकडे नैराश्यासाठी ती आज क्वचितच लिहिली जातात. पण मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखणारे एक औषध आपल्या दारापर्यंत आले आहे आणि त्याच्यावर 'नैराश्य' असे कुठेही लिहिलेले नाही. त्याचे नाव लिनेझोलिड.

लिनेझोलिड हे प्रतिजैविक आहे. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीमध्ये ते आता मुख्य औषधांपैकी एक आहे. या टीबीचे रूप किती भयंकर असू शकते हे २०१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या रुग्णांमुळे देशाला कळले. त्या रुग्णांवर तेव्हा तपासलेले कोणतेच औषध चालत नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. आधी हाच उपचार वीस महिन्यांपर्यंत चालायचा. गरीब माणसासाठी ही मोठी सुटका आहे. चौदा महिन्यांची मजुरी वाचणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण लिनेझोलिड सौम्य आणि तात्पुरते का होईना, मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या दोन्ही प्रकारांना रोखते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये नैराश्यविरोधी गोळ्यांबरोबर ते देताना सावध राहण्याचा इशारा दिला. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत झाले ते हेच.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात लिनेझोलिड घेतलेल्या अकराशेहून अधिक वृद्ध रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सेरोटोनिन सिंड्रोमचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाले. तिथे लिनेझोलिड थोडेच दिवस दिलेले होते. टीबीत ते महिनोन्महिने चालते, म्हणून लक्ष ठेवणे आवश्यकच. म्हणजे दोन्ही औषधे लागली तर डॉक्टर विचार करून, पर्याय पाहून, देखरेखीखाली निर्णय घेऊ शकतात. त्यासाठी त्यांना माहीत असले पाहिजे, एवढीच अट आहे. जेवणाबद्दलही तसेच. लिनेझोलिडवर असताना एका जेवणात शंभर मिलीग्रॅमपेक्षा जास्त टायरामिन टाळायला सांगतात. रोजच्या ताज्या जेवणात ते इतके जात नाही. सुकटीच्या चटणीवर ताव मारण्याआधी मात्र विचारून घ्यावे.

आता आयसोनियाझिड. तेही या विकराला थोडेसे रोखते. शिवाय हिस्टामिन मोडणारे दुसरे एक विकरही रोखते. बांगडा, कुपा अशा माशांत, ते बर्फाशिवाय राहिले की, हिस्टामिन तयार होते. टीबीच्या रुग्णाने असा उतरलेला मासा खाल्ला तर चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, धडधड असा त्रास होऊ शकतो. मग घरातले म्हणतात, 'गोळ्या उष्ण पडल्या', आणि गोळ्या बंद होतात. दोष बहुधा माशाचा असतो, भोगतो उपचार. टीबीच्या रुग्णाला प्रथिने हवीतच. मासे सोडू नका, ताजे आणा.

गोळी आणि शील

आमच्या बैठकीत एका मुलाने विचारले होते, "पाचव्या शिलात मादक पदार्थ वर्ज्य आहेत. मग मनाच्या गोळ्या खाणं शिलात बसतं का?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो अनेकांच्या मनात आहे. पाचवे शील प्रमाद निर्माण करणाऱ्या मद्य आणि नशेपासून दूर राहायला सांगते. नैराश्याची गोळी प्रमाद निर्माण करत नाही, ती माणसाला पुन्हा जागे करते. विनयात तथागतांनी आजारी भिक्खूंना औषधे घेण्याची परवानगी दिली आहे, औषधांवर तिथे एक संपूर्ण खंधक आहे, आणि जीवक हा वैद्य संघाची शुश्रूषा करीत असे.

दुसरा गैरसमज साधनेचा. काही तरुण दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाण्यापूर्वी गोळ्या स्वतःच बंद करतात. शिबिरे घेणारेच सांगतात की विपश्यना हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. नैराश्याची कोणतीही गोळी अचानक तोडली की चक्कर, बेचैनी, निद्रानाश उद्भवतो, आजार उलटतो. एमएओआय तर एकदम कधीच तोडू नये. आजही इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात एखाद्या रुग्णाचा जीव याच गोळ्यांनी वाचतो. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांबरोबर बसून, हळूहळू.

लपवायला लावतो कोण?

टीबी आणि नैराश्य एकमेकांचे सोबती आहेत. महिनोन्महिन्यांचा आजार, बुडालेली मजुरी, भांडी वेगळी काढणारे शेजारी. मन खचणारच. सायक्लोसेरिनसारखे टीबीचे एखादे औषधही काहींच्या मनावर परिणाम करते. म्हणजे एकाच माणसाच्या पिशवीत दोन्ही प्रकारच्या गोळ्या असणे स्वाभाविक आहे. पण टीबी शेजाऱ्यांपासून लपवायचा आणि नैराश्य घरच्यांपासून. कसब्यातून कमला नेहरू रुग्णालय, केईएम, ससून, सगळे जवळ आहे. तरीही माणूस एका आजारासाठी इथे आणि दुसऱ्यासाठी मुद्दाम लांब, ओळखीचे कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी जातो. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि मध्ये एक खोटे 'नाही'.

हे बदलायला आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. तुमच्या वस्तीत ते चालतात का पाहा.

पहिला, रुग्णाबरोबर जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घ्यायची. मेडिकलमधून आणलेली, आयुर्वेदिक, सर्दीची, सगळी. नावे आठवत नसली तरी पाकिटे बोलतात.

दुसरा, डॉक्टरांशी दोन मिनिटे एकांतात बोलण्याची संधी रुग्णाला मिळवून द्यायची. वडिलांना, भावाला आपणच चहाला बाहेर न्यायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. हा हक्क त्याला सांगायचा. आणि जे आपल्याला कळले ते आपणही बैठकीत नावानिशी बोलायचे नाही.

तिसरा, नवे औषध सुरू झाले की पहिल्या आठवड्यात घरी जाऊन यायचे. थरथर, घाम, झटके, डोक्यात ठणका यांतले काही दिसले तर स्वतः औषध बदलायचे नाही, डॉक्टरांना गाठायचे. तब्येत झपाट्याने बिघडत असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची.

चौथा, मन खचलेल्या माणसाला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. औषधाचा दुष्परिणाम नोंदवायला १८०० १८० ३०२४ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. नोंदी झाल्या तरच आपल्या लोकांवर औषधांचा काय परिणाम होतो, हे देशाला कळेल.

विनयातली एक कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या, कुणीही विचारत नसलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाबरोबर स्वतः धुतले, उचलून निजवले. त्याच ठिकाणी पुढे रुग्णाची आणि शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे येतात. ती फारशी सांगितली जात नाहीत. आपला आजार आहे तसा न सांगणाऱ्या रुग्णाची सेवा करणे अवघड, असे तिथे म्हटले आहे. पण चांगला शुश्रूषक कोण, तर ज्याला रुग्णाची किळस येत नाही, तो.

या दोन गोष्टी आम्ही एकत्र वाचतो. त्या मुलाने खोटे सांगितले, कारण खरे ऐकल्यावर आपल्या तोंडावर काय उमटेल हे त्याला ठाऊक होते. एमएओआयचा धोका विज्ञानाने साठ वर्षांपूर्वीच ओळखला. तो टाळण्याची रीतही ठाऊक आहे, आणि ती फुकट आहे: पिशवी उघडून दाखवणे. ती पिशवी निर्धास्त उघडता येईल असे घर, असे विहार, अशी वस्ती उभी करणे हे मात्र कोणत्याही डॉक्टरांचे काम नाही. ते आपले आहे.

जय भीम.